राष्ट्रपतींची निवडणूक: मताचं मूल्य, कोटा आणि बाद होणारी मतं

प्रश्न तीन आहेत. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि गोव्यातल्या आमदाराचं २० कसं येतं? जिंकायला नेमकी किती मतं लागतात? आणि कायदे करणाऱ्या लोकांची मतं बाद कशी होतात? आकड्यांच्या वाटेनेच गेलं तर तिन्हींची उत्तरं नीट लागतात. मतदार कोण, हे आधी पक्कं केलेलं बरं, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे लोकसभेचे आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार एवढेच मतदार. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभाही त्यात आल्या. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ सदस्यांना मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. महाराष्ट्रात परिषदेचे ७८ सदस्य आहेत, त्यांत मंत्री असतात, कधी मुख्यमंत्रीही असतात. २०१२ मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते, पण परिषदेवर होते, म्हणून राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. कारण सरळ आहे: परिषद मोजक्याच राज्यांत आहे. तिला मत दिलं असतं तर एकाच लोकसंख्येच्या दोन राज्यांचं वजन वेगवेगळं झालं असतं.

आता मूल्य. अनुच्छेद ५५ मधली रीत अशी: राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या सदस्यसंख्येने भागायचं. जो भागाकार येईल त्यात पूर्ण हजार किती, ते मोजायचे. उरलेली संख्या ५०० किंवा जास्त असेल तर एक वाढवायचा, कमी असेल तर सोडून द्यायची. लोकसंख्या मात्र आजची घ्यायची नाही, १९७१ च्या जनगणनेची घ्यायची.

महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ ने भागलं की १,७५,०४२ येतात. पूर्ण हजार १७५, उरले ४२, ते सुटले. आमदारामागे १७५, आणि सगळ्या विधानसभेचे १७५ गुणिले २८८, म्हणजे ५०,४००. गोव्याची लोकसंख्या ७,९५,१२०, आमदार ४०. भागाकार १९,८७८. पूर्ण हजार १९ आणि उरले ८७८, म्हणून २०. चाळीस आमदारांचे मिळून ८००. उत्तर प्रदेशात हाच हिशेब २०८ वर जातो आणि सिक्कीममध्ये ७ वर थांबतो. देशात सगळ्यांत वरचं आणि सगळ्यांत खालचं मूल्य हेच.

या हिशेबातून एक गोष्ट मनावर घ्यावी. मताचं एक एकक म्हणजे एक हजार माणसं. महाराष्ट्रातला एक आमदार मतपेटीपाशी जातो तेव्हा पावणेदोन लाख लोकांचं वजन घेऊन जातो. त्याची मतपत्रिका बाद झाली तर एवढ्या लोकांचा आवाज मोजणीतून गळतो.

१९७१ चाच आकडा का, हे तमिळनाडूशी ताडून पाहिलं की कळतं. १९७१ च्या आकड्यावर तमिळनाडूच्या आमदाराचं मूल्य १७६ आहे, महाराष्ट्रापेक्षा एकाने जास्त. हाच हिशेब २०११ च्या जनगणनेवर केला तर महाराष्ट्र ३९० वर जातो, तमिळनाडू ३०८ वर राहतो आणि उत्तर प्रदेश ४९६ वर पोचतो. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांचंच वजन घटलं असतं. म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आकडा गोठवला, आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. इथे ‘प्रसिद्ध होईपर्यंत’ ही अट महत्त्वाची आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि राष्ट्रपतींची पुढची निवडणूक जुलै २०२७ मध्ये अपेक्षित आहे. नुसती गणना होऊन भागत नाही, आकडे अधिकृतपणे बाहेर यावे लागतात. माझ्या मते गोठवण्याचा निर्णय त्या वेळी न्याय्य होता, पण अर्धशतक उलटून गेल्यावर त्याचा फेरविचार राज्यांना बरोबर घेऊन करावाच लागेल. तो टाळला की रोष साचत जातो.

खासदाराचं मूल्य वेगळ्या वाटेने येतं. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करायची आणि तिला निवडून येणाऱ्या खासदारांच्या संख्येने भागायचं. लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २३३ मिळून ७७६ होतात. २०२२ मध्ये आमदारांची बेरीज ५,४३,२३१ होती, म्हणून खासदारामागे ७०० आले आणि खासदारांचे एकूण ५,४३,२०० झाले. दोन्ही बाजू जवळजवळ समसमान आल्या, तो योगायोग नाही, घटनेचा हेतूच तो आहे. राष्ट्रपती हे संघराज्याचे प्रमुख आहेत. नुसत्या लोकसभेतल्या बहुमतावर त्यांची निवड ठरू नये, राज्यांचंही तेवढंच वजन पडावं, यासाठी ही रचना आहे.

आधीच्या निवडणुकीत खासदाराचं मूल्य ७०८ होतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती. तिथल्या ८७ आमदारांची प्रत्येकी ७२ प्रमाणे ६,२६४ मतं बेरजेतून गेली आणि मूल्य ७०० वर उतरलं. तिथे २०२४ मध्ये विधानसभा निवडून आली असली, तरी अनुच्छेद ५४ च्या स्पष्टीकरणात केंद्रशासित प्रदेशांपैकी फक्त दिल्ली आणि पुदुच्चेरी यांचीच नावं आहेत. २०२७ च्या आधी हा प्रश्न निकाली काढायला हवा. मतदान तोंडावर आल्यावर तो उकरण्यात कोणाचंच हित नाही.

एखाद्या राज्याचं पूर्ण वजन काढायचं तर आमदार आणि खासदार दोन्ही धरावे लागतात. महाराष्ट्राचे आमदार ५०,४००, आणि लोकसभेचे ४८ व राज्यसभेचे १९ असे ६७ खासदार ७०० प्रमाणे ४६,९००. एकूण ९७,३००. गोव्यात आमदारांचे ८००, पण तीन खासदारांचे २,१००. लहान राज्यांत तराजू खासदारांच्या बाजूला असा झुकतो, म्हणून तिथे केवळ विधानसभेतलं पक्षीय बळ पाहून अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

उमेदवारीकडे येऊ. वय ३५ पूर्ण, भारताचं नागरिकत्व, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता आणि लाभाचं पद नसणं या अनुच्छेद ५८ मधल्या अटी. राज्यपाल, मंत्री, उपराष्ट्रपती ही पदं त्यासाठी लाभाची धरत नाहीत. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक हवेत, आणि हे सगळे वेगवेगळे मतदार हवेत. अनामत १५,००० रुपये. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे रोख भरायची किंवा रिझर्व्ह बँकेत वा सरकारी कोषागारात भरून पावती जोडायची, धनादेश चालत नाही. ज्या लोकसभा मतदारसंघात उमेदवाराचं नाव नोंदलेलं आहे, तिथल्या मतदार यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रतही जोडावी लागते. अर्ज जास्तीत जास्त चार भरता येतात. जाणते पक्ष एकाहून जास्त संच भरतात आणि प्रत्येकावर ५० पेक्षा जास्त सह्या घेतात, कारण एका मतदाराची सही एकाच अर्जावर चालते. तोच मतदार दोन अर्जांवर सही करून बसला तर आधी दाखल झालेल्या अर्जावरची सही धरतात, दुसऱ्यावरची गळते.

हे नियम आधी एवढे कडक नव्हते. १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या ९ जणांना एकही मत पडलं नाही. १९७४ मध्ये १० सूचक, १० अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत अशी अट आली, १९९७ मध्ये ती आजच्या आकड्यांवर गेली. छाननी किती निर्णायक ठरू शकते ते १९७७ मध्ये दिसलं: ३७ अर्ज आले, ३६ फेटाळले गेले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले.

विजयासाठी लागणाऱ्या मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांना ९,५६,२९० आणि टी. एन. शेषन यांना ५०,६३१ मतं पडली. शेषन यांना शिवसेनेचा पाठिंबा होता, तरी एक षष्ठांशाची रेषा ८३,९१० वर होती आणि त्यांची अनामत गेली.

मतदानाच्या दिवशी खासदार संसद भवनात आणि आमदार आपापल्या राज्याच्या राजधानीत मत देतात. निवडणूक आयोगाला आधी कळवून परवानगी घेतली तर खासदारालाही राज्याच्या राजधानीत मत देता येतं. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. तिच्यावर पक्षाचं चिन्ह नसतं, फक्त उमेदवारांची नावं आणि पहिला कोण, दुसरा कोण असा पसंतीक्रम लिहायचा रकाना. मतदान यंत्र वापरत नाहीत, कारण ते कोणाला किती मतं पडली एवढंच मोजतं, पसंतीचा क्रम टिपत नाही.

मतं बाद होतात ती इथे. पसंती आकड्यातच लिहायची. आंतरराष्ट्रीय अंक, रोमन अंक किंवा कुठल्याही भारतीय भाषेतले अंक चालतात, म्हणजे देवनागरी १ लिहिला तर मत पूर्ण वैध आहे. पण अक्षरांत ‘एक’ लिहिलं की मत बाद. १ हा आकडा कुठेच नसेल तर बाद, दोन नावांपुढे असेल तर बाद, कोणाच्या नावापुढे आहे हे कळत नसेल तर बाद, एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही लिहिले तरी बाद. सही, टिकमार्क, शेरा, अंगठा, मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण केली तर बाद. खिशातला पेन वापरला तरी बाद. हरियाणात २०१६ च्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनामुळे काँग्रेस आमदारांची मतं बाद होऊन निकालच फिरला होता. त्यानंतर २०१७ पासून राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आयोग जांभळ्या शाईचा खास पेन देतो. तो मतदान कक्षात जाताना घ्यायचा आणि बाहेर येताना परत करायचा.

दुसरी पसंती देणं बंधनकारक नाही. फक्त १ लिहून सोडलेली मतपत्रिका वैध असते. १ नंतर थेट ३ लिहिला तर पहिली पसंती धरली जाते, पण पहिल्या पसंतीचा उमेदवार बाहेर पडला तर मत दुसऱ्याकडे वळवायला, म्हणजे हस्तांतराला, ती पत्रिका निरुपयोगी ठरते. दोघांपुढे २ लिहिले तरी तेच. उमेदवार दोघंच असतील तेव्हा दुसऱ्या पसंतीला काही अर्थच उरत नाही, तरी कित्येक जण ती लिहायला जातात आणि आकडे एकमेकांवर चढवून ठेवतात.

अनुभवी माणूसही चुकतो. २०१२ मध्ये मुलायमसिंह यादव यांनी चुकीच्या नावापुढे खूण झाल्यावर मतपत्रिका फाडून दुसरी घेतली आणि आयोगाने त्यांचं मत बाद ठरवलं. २०२२ मध्ये ४,७५४ मतपत्रिका पडल्या, त्यांतल्या ५३ बाद झाल्या आणि त्या ५३ मध्ये १५ खासदारांच्या होत्या. नुसत्या या १५ मतांचं मूल्य १०,५०० होतं, गोव्याच्या सगळ्या आमदार-खासदारांच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. काही जण पक्षाचा आदेश मोडायचा नाही आणि पाळायचाही नाही म्हणून मुद्दाम मत बाद करतात. ते मला पटत नाही. इथे पक्षाला व्हिप, म्हणजे बंधनकारक आदेश, काढता येत नाही, मतदान गुप्त आहे, पक्षांतरबंदी कायदा लागत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, इथे कोणालाही दाखवायची नाही. एवढं संरक्षण घटनेने दिलेलं असताना मत वाया घालवणं म्हणजे निवडून दिलेल्या लोकांशी प्रतारणा आहे. स्वतःच्या पक्षाचा उमेदवार नको असेल तर दुसऱ्याला मत द्यायची पूर्ण मोकळीक आहे.

मतपेट्या विमानाने दिल्लीत येतात आणि मोजणी संसद भवनात होते. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून लोकसभा आणि राज्यसभा यांचे महासचिव आळीपाळीने काम पाहतात. आधी बाद पत्रिका वेगळ्या काढतात, मग पहिल्या पसंतीप्रमाणे गठ्ठे लावतात आणि प्रत्येक गठ्ठ्याला त्या त्या राज्याचं मूल्य लावतात. त्यानंतर कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, काढतात: वैध मतांच्या एकूण मूल्याला २ ने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि १ मिळवायचा.

इथे बातम्यांमध्ये दरवेळी एकच चूक होते. एकूण संभाव्य मूल्याच्या निम्मे करून ‘विजयासाठी इतकी मतं हवीत’ असं छापलं जातं. २०२२ मध्ये संभाव्य मूल्य १०,८६,४३१ होतं आणि त्यावरून ५,४३,२१६ हा आकडा निघतो. प्रत्यक्षात वैध मतांचं मूल्य १०,५६,९८० भरलं आणि कोटा ५,२८,४९१ ठरला. गैरहजेरी आणि बाद मतं यांनी रेषा १४,७२५ ने खाली आली. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मतं होती, म्हणून त्या वेळी काही फरक पडला नाही. चुरशीच्या लढतीत एवढ्याने राष्ट्रपती बदलू शकतात.

कोटा कोणीच गाठला नाही तर सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाहेर पडतो, आणि त्याच्या पत्रिकांवरची पुढची पसंती ज्याला असेल त्याच्याकडे त्या पूर्ण मूल्याने जातात. पुढची पसंती नसलेल्या पत्रिका निकामी होतात. कोणी कोटा गाठेपर्यंत हे चालतं. पहिल्या पसंतीच्या मोजणीत कोणालाच कोटा न मिळाल्याचं आजवर एकदाच घडलं, १९६९ मध्ये.

त्या वर्षी १५ उमेदवार होते. वैध मतमूल्य ८,३६,३३७, कोटा ४,१८,१६९. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९. देशमुख म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांच्यामागे जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष होते. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्यायचं आवाहन केलेलं होतं, काँग्रेसची मतं फुटली होती. देशमुख आणि बाकीचे बाहेर पडल्यावर रेड्डींकडे ९१,८७९ मतं गेली, गिरींकडे फक्त १८,५६२, आणि १०,८३३ निकामी झाली. हस्तांतरात पाऊण हिस्सा रेड्डींना मिळूनही शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा राहिला. निकामी झालेली सगळी मतं रेड्डींना मिळाली असती तरी ते ४,१६,२६० वरच थांबले असते. दुसऱ्या पसंतीने बाजी उलटते असं सर्रास सांगितलं जातं. या एकमेव उदाहरणात ती उलटली नाही, पहिल्या पसंतीची आघाडी पुरून उरली.

त्याच १९६९ मध्ये आणखी एक फट उघडी पडली. झाकीर हुसेन ३ मे रोजी पदावर असताना गेले, उपराष्ट्रपती गिरी कार्यभार पाहू लागले आणि २० जुलैला निवडणूक लढवण्यासाठी त्यांनीही राजीनामा दिला. घटनेत उपराष्ट्रपतींच्या पुढचा क्रम नाही. संसदेने मे महिन्यातच त्यासाठी कायदा केलेला होता, म्हणून सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांना २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचं काम पाहता आलं. राष्ट्रपतींचा मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युती झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते. फक्रुद्दीन अली अहमद ११ फेब्रुवारी १९७७ ला गेले आणि नवे राष्ट्रपती २५ जुलैला आले. तेव्हापासून प्रत्येक राष्ट्रपतींचा शपथविधी २५ जुलैलाच येतो.

महाभियोगाचे, म्हणजे राष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याच्या ठरावाचे, मतदार मात्र वेगळे असतात, हे लक्षात ठेवावं. तिथे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सगळे सदस्य भाग घेतात, नामनिर्देशितही, आणि आमदारांना काहीच स्थान नाही. एका सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीने, १४ दिवसांची नोटीस देऊन आरोप मांडायचा, तो एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांशांनी मंजूर व्हायचा, दुसऱ्या सभागृहाने चौकशी करून तेवढ्याच बहुमताने तो सिद्ध ठरवायचा. आजवर हे कधी घडलेलं नाही.

निकालाला आव्हान फक्त सर्वोच्च न्यायालयात देता येतं, तेही निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत. अर्जदार एखादा उमेदवार असावा लागतो, नाहीतर किमान २० मतदार एकत्र यावे लागतात, म्हणजे २० आमदार किंवा खासदार. सामान्य नागरिकाची याचिका या कारणाने टिकत नाही. एखाद्या विधानसभेत जागा रिकाम्या होत्या किंवा ती विसर्जित झालेली होती, एवढ्यावर निवडणूक रद्द होत नाही. १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने ते स्पष्ट केलं आहे. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा विसर्जित असताना हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि मुदत संपायच्या आधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असं मत न्यायालयाने दिलं.